घराची राखण
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठ आणि शिक्षकांसाठी विवेचन)

पूर्वी खेड्यात दिवसा दाराला कुलूप लागत नसे, असे वृद्ध माणसे आजही अभिमानाने सांगतात. त्यात तथ्य आहे. मात्र त्या निर्धास्तपणाचे कारण दारापेक्षा आळीत अधिक होते. कोणी ओट्यावर धान्य निवडीत बसलेले असे, कोणी वाळवणावर लक्ष ठेवी, एखादे थकलेले माणूस बाजेवर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करी. परका माणूस आळीत शिरला की 'कोण पाहिजे?' हा प्रश्न त्याला चार दारांतून येई. आज तीच आळी सकाळी दहाच्या पुढे ओस पडलेली दिसते. मोठी माणसे शेतावर, तालुक्याच्या गावी किंवा कारखान्यावर गेलेली असतात आणि मुले शाळेत. घराकडे पाहणारे डोळे कमी झाले आणि सहज उचलून नेता येतील अशा वस्तू घरोघर वाढल्या. भ्रमणध्वनी संच, गॅसची टाकी, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप यांपैकी काही ना काही आज साध्या शेतकऱ्याच्या घरीही असते.

घराची राखण हा विषय पोलिसांचा, शाळेचा त्यात काय संबंध, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येईल. वर्गातील दप्तरे पाहिली तर या शंकेचे उत्तर मिळते. अनेक दप्तरांत घराची किल्ली असते. आईवडील कामावरून परतण्यापूर्वी घर उघडणारी व्यक्ती म्हणजे पुष्कळदा आठ-दहा वर्षांचे मूलच होय. बीड जिल्ह्यासारख्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. वाड्या-तांड्यांवरील कित्येक घरे पाच-सहा महिने बंद राहतात, आणि कित्येकांत आजी व नातवंडे एवढीच माणसे उरतात. अशा घराची राखण ज्यांच्याकडे आहे ती मुले समोर बसलेली असताना शिक्षकांनी या विषयाकडे पाठ फिरविणे इष्ट नव्हे.

पाठ सुरू करण्यापूर्वी एक पथ्य पाळावे. या पाठाने मुलांच्या मनात भय शिरता कामा नये. चोरांच्या रोमांचक कथा, रात्री कोणाच्या घरी काय झाले याचे रसभरीत वर्णन, हे सारे टाळावे. आजीजवळ एकट्याने निजणाऱ्या मुलाला त्या रात्री झोप येणार नाही, आणि झोप न आलेल्या मुलाच्या हातून घराची राखण अधिक चांगली होते असेही नाही.

विषयप्रवेश

'घरफोडी' या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे जाईल. आज चोर बहुधा कुलूप तोडतो किंवा कडीकोयंडा उचकटतो. मग घर 'फोडले' असे का म्हणावे? मुलांना थोडा विचार करू द्यावा. मातीच्या, पांढरीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत ती मुले लवकर उत्तरापर्यंत येतील. अशा घराचे दार जाड लाकडाचे, आतून अडसर घातलेले असे. दाराशी झटापट करण्यापेक्षा मागील बाजूच्या भिंतीला पहारीने भगदाड पाडणे चोराला सोपे जाई. दार मजबूत आणि भिंत दुबळी, म्हणून भिंत फुटे. चोर नेहमी घराच्या सर्वांत दुबळ्या जागी येतो, हे या पाठाचे पहिले सूत्र मुलांच्या लक्षात या एका शब्दावरून येते.

हे निरीक्षण फार जुने आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. त्यापूर्वी तो भिंत न्याहाळतो. सूर्याला रोज अर्घ्य दिल्यामुळे कोठे ओल मुरली आहे, उंदरांनी माती कोठे उकरली आहे, हे पाहून तो जागा निवडतो. भाजलेल्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या विटा कापाव्यात, मातीचे पेंड भिजवावेत आणि लाकूड असल्यास फाडावे, असा विचार त्याच्या मनात चालतो. माप घेण्याची दोरी विसरल्यामुळे तो गळ्यातील जानवे मापासाठी वापरतो. दार उघडताना कुरकुरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. नाटकातील चोर असला तरी घरधन्याला शिकण्याजोगे त्यात बरेच आहे: न्हाणीघराजवळची ओल धरलेली भिंत, उंदरांनी पोखरलेला कोपरा आणि पत्रा वा कौले सरकलेली जागा ही चोराला दिसते, घरधन्याला मात्र वर्षानुवर्षे दिसत नाही. दुसरी एक गोष्टही शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. कुरकुरणारे दार चोराला नकोसे असते. रात्री लावण्याच्या मागील दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालण्याची घाई करू नये, हा त्यातला व्यावहारिक अर्थ!

जुन्या वाड्यांची रचना हा मुलांच्या आवडीचा विषय आहे. गावात एखादा पडका वाडा असल्यास वर्ग तेथे न्यावा. मोठ्या दरवाजातील लहान दिंडी, वाकल्याशिवाय आत येता येऊ नये इतकी बेताची. भिंतीतील खोबणीत सरकणारा अडसर. रस्त्याच्या बाजूस उंचावर ठेवलेल्या लहान खिडक्या. धान्यासाठी पेव आणि बळद. आणि गरिबाच्या घरी उतरंडीतल्या खालच्या मडक्यात ठेवलेली पुरचुंडी. प्रत्येक गोष्टीमागे कोणत्या बाजूने कोण येईल याचा हिशोब होता. अडसराची युक्ती विशेष समजावून द्यावी. कडीवर पडणारा जोर कोयंड्याच्या दोन-चार खिळ्यांवर येतो, तर अडसरावर पडणारा जोर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वाटला जातो. म्हणून साधे लाकूड लोखंडी कडीपेक्षा अधिक टिकाव धरते.

कायदा काय म्हणतो

सन १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घरफोडीची जी व्याख्या होती, तीच थोड्याफार फरकाने १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. घरात शिरण्याचे सहा प्रकार तीत घरफोडी ठरतात. स्वतः पाडलेल्या वाटेने शिरणे, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणे, घरधन्याने ज्या रीतीने वाट उघडावयाची नाही त्या रीतीने ती उघडणे, कुलूप उघडणे, कोणावर बळजोरी करून किंवा तिची धमकी देऊन शिरणे, आणि बंद करून ठेवलेली वाट खोलून शिरणे. जुन्या संहितेत दिलेली उदाहरणे तर वर्गात सांगण्यासारखी आहेत. दाराच्या भोकातून तार घालून खिट्टी वर उचलणारा घरफोड्या आहे; घरधन्याची हरवलेली किल्ली सापडल्यावर तिने दार उघडून आत शिरणाराही घरफोड्याच. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी अपराध पुरा होतो. राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत आणि चोरीसाठी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांना शिक्षेचे आकडे सांगण्याचे कारण नाही. शिक्षकांना ते ठाऊक असावेत, कारण गावात प्रसंग पडल्यावर लोक शिक्षकांनाच विचारतात.

कुलूप व किल्ली

कुलपाचा भाग विज्ञानाच्या तासाशी जोडता येईल. एखादे मोडके कुलूप वर्गात उघडून दाखविल्यास त्यातील बारीक पिना व स्प्रिंगा मुलांना दिसतील. योग्य किल्ली घातली की सर्व पिना नेमक्या उंचीवर येतात आणि आतील नळी फिरते. एखादी पीन केसभर वर-खाली राहिली तरी ती अडते. हे तत्त्व प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होते. अमेरिकेतील धाकटे लायनस येल यांनी १८६० च्या दशकात त्याला आजचे आटोपशीर रूप दिले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला.

कोणतेही कुलूप न उघडणारे नसते, ही गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी. इंग्लंडात जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये केलेले कुलूप दीर्घकाळ अजिंक्य मानले जात होते. आपल्या दुकानाच्या खिडकीत त्या जातीचे एक कुलूप ठेवून, ते उघडणाऱ्यास मोठे बक्षीस त्यांनी जाहीर केले होते. सन १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्ज यांनी ते उघडले. त्यांना सोळा दिवसांत मिळून एकूण ५१ तास लागले. या हकिगतीचा अर्थ मुलांकडून काढून घ्यावा. कुलूप चोराला थांबवीत नाही, त्याचा वेळ घेते. ज्या चोराजवळ पाच मिनिटे आहेत त्याच्यासाठी दहा मिनिटांचे कुलूप पुरे आहे. आणि त्याच्याजवळ किती मिनिटे आहेत हे शेजारी ठरवितात.

व्यवहारात कुलूप क्वचितच उघडले जाते. बहुधा कोयंडाच उपटला जातो. शंभर-दीडशे रुपयांचे भक्कम कुलूप आणून ते किडक्या चौकटीतील दोन खिळ्यांच्या कोयंड्याला अडकविणारी घरे प्रत्येक गावात दिसतील. कोयंड्याला खिळ्यांऐवजी चौकटीतून आरपार जाणारे नट-बोल्ट बसवावेत, आणि बिजागरीचे स्क्रू बाहेरून फिरविता येणार नाहीत असे पाहावे. हे काम गावचा सुतार थोड्या वेळात करून देतो. पत्र्याच्या घरात पत्र्याचे हूक बाहेरून सोडविता येतात काय, हेही तपासावे.

किल्लीविषयी मात्र घरोघर एकच चाल दिसते. चौकटीवर, देवळीत, तुळशीवृंदावनामागे, कुंडीखाली, मोरीच्या दगडाखाली. साऱ्या गावाच्या लपविण्याच्या जागा एवढ्याच, आणि त्या साऱ्या गावाला माहीत! मुलांना वर्गात 'तुमची किल्ली कोठे ठेवता?' असे कदापि विचारू नये. पंचवीस मुलांच्या समोर दिलेले उत्तर संध्याकाळपर्यंत पंचवीस घरी पोहोचते. त्याऐवजी किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याजवळ ठेवावी, मुलाजवळ असल्यास दप्तराच्या आतील कप्प्यात दोऱ्याने बांधावी, आणि ती हरवल्यास मार बसेल या भयाने लपवू नये, एवढे सांगावे. यातील शेवटचा भाग पालकसभेत पालकांनाच सांगणे अधिक अगत्याचे आहे. किल्ली हरवल्याचे मुलाने त्याच दिवशी सांगितले तर नवे कुलूप घेऊन काम भागते.

याच जातीचा एक दोष शाळेच्या गृहपाठात शिरलेला आहे. 'माझे घर' या विषयावर निबंध लिहिताना मुले घरात कोणकोणत्या वस्तू आहेत, कपाट कोठे आहे, आई दागिने कशात ठेवते, बाबा कधी घरी नसतात, हे सारे निरागसपणे लिहून काढतात. परिसर अभ्यासात घराचा नकाशा काढवून घेतला जातो आणि उत्तम नकाशे शाळेच्या भिंतीवर लावले जातात. शिक्षकांचा हेतू चांगला असतो, परंतु ही माहिती भिंतीवर लावण्याजोगी नव्हे. शाळेचा, देवळाचा किंवा गावच्या तळ्याचा नकाशा काढविला तर शिक्षण तितकेच होते. सहलीला निघालेल्या किंवा लग्नाला गेलेल्या कुटुंबांनी तेथूनच भ्रमणध्वनीवर छायाचित्रे साऱ्या गावाला पाठविणे, ही त्याच चुकीची मोठ्यांची आवृत्ती होय.

केव्हा जपावे

चोरीला ऋतू असतात. कापूस, सोयाबीन किंवा कांदा विकून रोख रक्कम घरी आलेली असते ते दिवस. लग्नसराई, जेव्हा दागिने पेटीतून बाहेर निघतात. उन्हाळ्याच्या रात्री, जेव्हा माणसे गच्चीवर किंवा अंगणात निजतात आणि खालचे दार नुसते लोटलेले असते. गावची जत्रा, जेव्हा सारा गाव देवळाकडे असतो. आणि सुगीची दुपार. यांपैकी दुपारचा विचार लोक सहसा करीत नाहीत. रात्र ही चोराची वेळ असा समज दृढ झाल्यामुळे, भर दिवसा मोटारसायकलवरून आलेल्या दोन माणसांकडे कोणी लक्ष देत नाही.

उपाय साधे आहेत. विक्रीची रक्कम बँकेत किंवा टपाल कचेरीत भरावी. नेहमी न वापरण्याचे दागिने शक्य असल्यास बँकेच्या तिजोरीत ठेवावेत. बाहेरगावी जाताना शेजाऱ्यास सांगून जावे आणि रात्री त्याने एक दिवा लावावा. दाराबाहेर साचलेली वर्तमानपत्रे, न झाडलेले अंगण, तुळशीपुढे न लागलेला दिवा, यांवरून घर रिकामे असल्याचे कळते. अंगण झाडण्याचे काम शेजारच्या मुलीने आठ दिवस केले तर ती मोठी राखण ठरते. चाहूल लागताच भुंकणारे गावठी कुत्रे पुष्कळ उपयोगी असते, मग ते कोणाच्या का मालकीचे असेना. कॅमेऱ्यांचा प्रसार आता खेड्यातही झाला आहे. गावच्या वेशीवरचा एक चांगला कॅमेरा दहा घरांवरील दहा स्वस्त कॅमेऱ्यांपेक्षा अधिक कामाचा असतो, कारण त्याच्या नोंदी कोणीतरी जबाबदारीने जपतो.

एक घातक उपाय मात्र कडक शब्दांत नाकारला पाहिजे. दाराला, कुंपणाला किंवा खिडकीच्या गजांना विजेची तार जोडणे. अशा तारेने चोर मरेल की रात्री लघवीला उठलेले घरचे मूल मरेल, की शेजाऱ्याची म्हैस मरेल, हे ती तार ठरवीत नाही. ती लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. रानडुकरांसाठी शेताला अशा तारा लावून माणसे दगावल्याच्या घटना ग्रामीण भागास नव्या नाहीत.

वस्तूंची ओळख

चोरीचा माल पुढे सापडला तरी तो आपला असे सिद्ध करता न आल्याने पुष्कळांच्या हाती काहीच पडत नाही. यासाठी घरातील मोठ्या मुलाने वडिलांच्या मदतीने एक वही करावी. ती शाळेत मात्र आणू नये. दागिन्याचे वजन, पावती व छायाचित्र. आजच्या हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर कोरलेली सहा अक्षर-अंकांची ओळखखूण. भ्रमणध्वनीचा पंधरा अंकी क्रमांक, जो *#०६# ही कळ दाबल्यावर पडद्यावर दिसतो. मोटारसायकलचा इंजिन क्रमांक. गाईम्हशींच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक. हरवलेला भ्रमणध्वनी संच केंद्र शासनाच्या संचार साथी या सेवेमार्फत बंद करविता येतो, पण त्यासाठी हा क्रमांक हाताशी असावा लागतो. अंकलेखनाच्या सरावासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

चोरी झाल्यावर

घरात शिरल्यावर कुलूप तुटलेले दिसले तर मुलाने आत जाऊ नये. चोर अद्याप आत असू शकतो. शेजारच्या मोठ्या माणसास हाक मारावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक वर्गातील प्रत्येक मुलास पाठ असावा, आणि त्याबरोबर स्वतःच्या गावाचे, तालुक्याचे व जवळच्या खुणेचे नाव सलग सांगता यावे. याचा वर्गात सराव करून घ्यावा. घाबरलेल्या मोठ्या माणसालाही आपला पत्ता धड सांगता येत नाही.

पुढची चूक सर्वत्र होते. पोलीस येण्यापूर्वी घर झाडले जाते, विखुरलेले कपडे घडी करून ठेवले जातात, आणि सारा गाव आतून फिरून जातो. पावलांचे ठसे, बोटांचे ठसे, श्वानाला मिळणारा गंध, सारे त्यात नाहीसे होते. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत आपल्या देशातच रुजली, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. सन १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली आणि ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. शाईच्या गादीवर अंगठा टेकवून प्रत्येकाने आपला ठसा भिंगातून पाहावा; जुळ्या भावंडांचे ठसेही वेगळे असतात, हे पाहून मुलांना आश्चर्य वाटेल.

तक्रार नोंदविणे हा नागरिकाचा हक्क आहे. ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग घटना त्या ठाण्याच्या हद्दीतील असो वा नसो. आणि नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. गावात पोलीस पाटील असल्यास त्यास तत्काळ कळवावे. ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावातील गुन्ह्याची माहिती ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्य आहे. पूर्वी ही जबाबदारी पाटील, जागल्या व रामोशी यांच्यावर असे. चोराचा माग काढीत ते शिवेपर्यंत जात आणि पुढील गावच्या राखणदाराच्या हवाली तो माग करीत. ज्या गावात माग हरवे त्या गावाकडून नुकसान भरून घेण्याची वहिवाट होती. गावाची सामूहिक जबाबदारी ही कल्पना अशी जुनी आहे.

अफवा आणि परका माणूस

या पाठातील सर्वांत नाजूक भाग हाच होय, आणि तो न शिकविता बाकीचा पाठ शिकविल्यास हित होण्याऐवजी अनर्थ होण्याचा संभव आहे.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी बाजाराच्या दिवशी पाच माणसे ठार मारली गेली. ती सोलापूर जिल्ह्यातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती. ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून जमावाने त्यांना मारले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा जमावाने जीव घेतला. त्या भागात रात्री चोर फिरतात अशा अफवा होत्या आणि गावकरी पहारा देत होते. पहारा देणे गैर नव्हते. परंतु पहाऱ्यावरील माणसांना आपण कशासाठी उभे आहोत याचे भान उरले नाही. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांपैकी एकही माणूस चोर नव्हता.

संशयाची ही सवय एका दिवसात जडलेली नाही. सन १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. त्यांची हजेरी घेतली जाई, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहावे लागे. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, पण गावात चोरी होताच प्रथम पालावर जाण्याची खोड अनेक ठिकाणी टिकून आहे. पालावरची मुले याच वर्गात बसतात. कोणाची पेन्सिल हरवली की नजरा कोणाकडे वळतात, हे शिक्षकांनी एकदा शांतपणे पाहावे. त्या क्षणी शिक्षक काय करतात त्यावरून मुले हा पाठ शिकतात, फळ्यावर काय लिहिले त्यावरून नव्हे. पेन्सिल हरवल्यास सर्वांची दप्तरे तपासावीत किंवा कोणाचेच तपासू नये.

मुलांना नियम स्पष्ट द्यावा. अनोळखी माणूस दिसल्यास त्यास अदबीने विचारावे, 'काका, कोणाकडे जायचे आहे?' घरात एकटे असताना दार उघडू नये, आईवडील घरी नाहीत असे सांगू नये; 'बाबा मागे आहेत, थोड्या वेळाने या' एवढे म्हणावे. गाडीचा क्रमांक लिहून ठेवावा. भ्रमणध्वनीवर आलेला इशारा पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणी, केव्हा व कोठून पाठविला हे मोठ्यांना विचारावे. ज्या संदेशात गावाचे नाव व तारीख नाही तो बहुधा खोटा असतो. काही जिल्ह्यांत गावातील सर्वांना एकाच वेळी दूरध्वनीवर खबर देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू झाली आहे. तिचा उपयोग करणाऱ्याचे नाव नोंदले जाते, म्हणून ती अफवेपेक्षा भरवशाची ठरते.

चोर प्रत्यक्ष सापडला तर? कायद्याने घरधन्याला स्वसंरक्षणाचा अधिकार दिला आहे, आणि रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो अधिकार बराच व्यापक आहे. परंतु तो रक्षणापुरता आहे. माणूस पकडला गेला, त्याचे हात धरले गेले, की तो अधिकार संपतो. पकडणाऱ्या नागरिकाने त्यास विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावयाचे असते. झाडाला बांधून मारणारा माणूस घराची राखण करीत नसतो, तो नवा गुन्हा करीत असतो. आणि जात, समाज, भाषा किंवा जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून कोणास ठार केले तर न्याय संहितेनुसार प्रत्येकास फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. ग्रामसभेत हे वाचून दाखविण्याचे काम शिक्षकाइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही.

शाळेचे घर

शाळाही एक घरच आहे, आणि सुट्टीत ते सर्वांत रिकामे असते. संगणक, दूरचित्रवाणी संच, सौर दिव्यांच्या बॅटऱ्या, पोषण आहाराचा तांदूळ व गॅसच्या टाक्या या वस्तूंवर चोरांची नजर असते. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मुख्याध्यापकांनी साठा नोंदवहीशी वस्तू ताडून पाहाव्यात, यंत्रांवर शाळेचे नाव न पुसणाऱ्या रंगाने लिहावे किंवा कोरून घ्यावे, आणि महत्त्वाच्या वस्तू एकाच भक्कम खोलीत हलवाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत सुट्टीत कोण किती वेळा फेरी मारील याचा ठराव घ्यावा व पोलीस पाटलांना लेखी कळवावे. किल्ल्यांचे दोन जुडगे असावेत: एक मुख्याध्यापकांकडे व दुसरा समितीच्या अध्यक्षांकडे, आणि देवाणघेवाणीची नोंद तारीखवार सहीनिशी ठेवावी. कार्यालयाच्या खिळ्यावर टांगलेला तिसरा जुडगा असल्यास तो आजच काढून घ्यावा.